आधी हूं, मग अंगठा

"तुमच्यासंग मी संसार केला का कचेरीत हजेरी देल्ली, मले अजून समजलं नाही," असं आमच्या सौभाग्यवती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतात. बाईचं चुकत नाही. घरात लग्नपत्रिका आली की मी ती मोठ्यानं वाचतो, एक ओळ झाली की थांबतो, आणि समोरून कोणी "हूं" म्हणेपर्यंत पुढं सरकत नाही. सुना हसतात. धाकटी तर फोडणी देता देता आतूनच "हूं, हूं, हूं" असे तीन हूं एकदम पाठवून देते. मी तिला सांगतो, बाई गं, आगाऊ हूं चालत नाहीत, एकेक दे.

काय करणार? अंगवळणी पडलं आहे. उभी हयात मंगरूळपीरच्या कचेरीच्या आवारात दस्त लिहिण्यात गेली. सत्तर सालच्या आगेमागे मी तिथं बसायला लागलो. तेव्हा आमचा जिल्हा अकोला, आणि वाशीम हे आमच्यासारखंच तालुक्याचं गाव. शेत विकायचं, भावाभावांत वाटणी करायची, लेकीच्या नावानं काही लिहून द्यायचं, की माणूस आमच्या टिनाच्या शेडखाली येई. आम्ही स्टॅम्प पेपरवर मजकूर लिहायचो, लिहून देणारा आणि लिहून घेणारा अशा दोघांना वाचून दाखवायचो, त्यावर सह्या-अंगठे व्हायचे, आणि मग सगळी वरात आत सब-रजिस्ट्रार साहेबांसमोर. साहेब विचारत, "वाचून दाखवलं? समजलं?" माणूस म्हणे, "हव साहेब." शिक्का बसला की खलास. मग तुमच्या मनात काय होतं, बोलणं काय झालं होतं, शपथा कोणत्या घेतल्या होत्या, ते सगळं गेलं उडत. कागद बोलेल तेच खरं.

लोकांना वाटतं, अक्षर वळणदार असलं की झाला दस्तलेखक, झाला मुनशी. अहो, अक्षर काय, पोस्टातल्या बाबूचंही चांगलं असतं. आमचं अर्धं काम लिहिणं आणि अर्धं वाचून दाखवणं, आणि त्यातलं अवघड ते दुसरं. सहीला आलेला माणूस ऐकत नसतो. त्याचं लक्ष एस.टी.कडे असतं, बांधून आणलेल्या भाकरीकडे असतं, सोबत आलेल्या मेव्हण्याकडे असतं. तुम्ही वाचता, तो मान हलवतो. मानेचं काय, तिला स्प्रिंगच असते.

ही विद्या मला काकाजींनी दिली. काकाजी म्हणजे आमच्या शेडमधले सगळ्यांत जुने दस्तलेखक. सगळं मंगरूळ त्यांना काकाजीच म्हणायचं. डोक्यावर काळी टोपी, बोलणं फटकळ. आमच्याकडे रात्री कोणी कहाणी सांगायला बसला की ऐकणाऱ्यानं हूं म्हणत राहावं लागतं. हूं थांबला की कहाणी थांबते, सांगणारा चादर ओढून झोपून जातो. काकाजींनी तोच कायदा कचेरीत आणला होता. ते एक वाक्य वाचत, चष्म्यावरून बघत आणि थांबत. "हूं म्हन." तो म्हणायचा. मग दुसरं वाक्य. "आधी हूं, मंग अंगठा," असं ते म्हणत. बाकीचे दस्तलेखक हसत, कारण काकाजींच्या एका दस्ताच्या वेळात त्यांचे दोन-तीन निघत.

मी सुरुवातीला विचारलं, "काकाजी, मान हलवते तेवढं पुरत नाही का?"

"मान खोटी हालते पोरा," ते म्हणाले. "हूं खोटा निघत नाही. तू कान दे फक्त."

आणि खरंच हो. कान बसला की हूं वाचता येतो. जो ऐकून राह्यला त्याचा हूं वाक्य संपल्यावर येतो. जो ऐकत नाही त्याचा वाक्य संपायच्या आधीच येतो. ज्याला घरच्यांनी दटावून आणलं त्याचा हूं आधी घरच्यांकडे बघतो आणि मग बाहेर पडतो. आणि ज्याला काही खुपलं त्याचा हूं येतच नाही. तिथं थांबायचं. पेन खाली ठेवायचा, पान तोंडात टाकायचं आणि वाट बघायची. एवढीच आमची कला, आणि ती कुठल्याच लायसन्सवर लिहिलेली नसते.

नमुने तरी किती सांगू! दस्ताच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं, "हा लेख राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता लिहून दिला." एकदा एक गृहस्थ सगळीकडे खणखणीत हूं देत आला आणि "नशापाणी न करता" म्हटल्यावर गप्प बसला. मी परत वाचलं. परत गप्प. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मुनशीजी, ते तेवढं खोडता का? सकाळी थोडीशी घेतली हाय. कागदावर खोटं कायले लिवता?" आता बोला! इतका सच्चा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. मी त्याला म्हटलं, "भाऊ, ते खोडता येत नाही. तू उद्या ये, कोरडा ये." दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, गंध लावून हजर. त्या वाक्याला त्यानं जो हूं दिला तो थेट तहसीलदारांच्या खोलीत ऐकू गेला असेल.

आणि एक घरजावयाचा करार. मंगरूळजवळच्या गावचे एक आबा. त्यांना एकुलती एक लेक, वावर भरपूर. जावई शोधला धनज गावचा, आणि लग्नाआधी म्हणाले, सगळं कागदावर पाह्यजे. मुलगा साधासुधा, हात बांधून बसलेला. मी वाचत गेलो. सासऱ्याच्या घरी राहीन, हूं. शेती करीन, हूं. सासूसासऱ्यांची सेवाचाकरी करीन, हूं. "सासऱ्याचे घर सोडून अन्यत्र राहावयास जाणार नाही." हूं नाही. आबांचा चेहरा पडला. म्हणाले, "काहून रे? आत्ताच पळाचं ठरवून राह्यला का?"

पोरगा खाली बघत म्हणाला, "तसं नाही मामाजी. पन पोयाले? पोयाले माह्या घरचे बैल कोन सजवन? माय एकटी हाय तिथी."

पोळ्याचं नाव निघालं तसे शेडमधले सगळे आपापलं लिहिणं थांबवून ऐकायला लागले. आबांनी टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "लिवा मुनशीजी. पोयाच्या सनाले जावई धनजले जाईन, आन माही लेकबी संग जाईन. आन येताना त्याच्या मायले चार रोज इकडं घेऊन येईन, असंबी लिवा." असं कलम मी त्याआधी लिहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्या पोराचा पुढचा हूं जरा ओला होता. आम्हीसुद्धा माणसंच की, आम्हीही नाकं पुसली.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट सुभद्राबाईंची. तिच्यासाठी आधी एक भानगड समजावून द्यावी लागेल.

शेताच्या खरेदीखतात एक जुनं पालुपद असतं. पेशवाईपासून चालत आलेलं आहे म्हणतात, खरंखोटं देव जाणे. "जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह" शेत विकलं, असं ते आहे. ते एका दमात म्हणायचं असतं. काकाजीही एका दमात म्हणत, मीही म्हणे, आणि सगळ्या वऱ्हाडातले दस्तलेखक तसंच म्हणत असतील. ऐकणारा त्यावर भक्तिभावानं हूं म्हणायचा. सत्यनारायणाच्या पूजेत भटजी काय म्हणतात ते कोण विचारतं? तसंच ते.

बहात्तरचा दुष्काळ सरून एकदोन वर्षं झाली होती. सुभद्राबाई मंगरूळपासून दोन कोसांवरच्या गावच्या. बौद्ध वस्तीतल्या. वय साठीच्या आसपास, पांढरं लुगडं, आवाज असा की पाटलाच्या चावडीवर बोलल्या तर वेशीत ऐकू यावा. सोबत त्यांचा मुलगा आनंद. तो कारंज्याला पोस्टात नोकरीला होता. बाप वारलेला, आई गावात एकटी, तिला गुडघ्यांमुळे चालवत नव्हतं. आईला कारंज्याला न्यायचं आणि तीन एकराचं वावर विकायचं, असं मायलेकांनी ठरवलं होतं. घेणारे शेजारचेच बापूराव पाटील. धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून. बापूराव तोंडाचे तिखट पण व्यवहाराला चोख. त्यांना संत्र्याचा बगीचा लावायचा होता. भाव ठरला होता, कोणी कोणाला फसवत नव्हतं. असा सरळ दस्त आला की दस्तलेखकाला बरं वाटतं. उकडलेल्या अंड्याचं टरफल सुटावं तसा तो निघतो.

मी वाचायला बसलो. एका बाजूला सुभद्राबाई आणि आनंद, दुसऱ्या बाजूला बापूराव. बाईंना मी हूं-चा नियम सांगितला तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "हे बरं हाय. माह्या बुढ्यालेबी मी असंच हूं म्हनाले लावो." आणि काय सुंदर हूं देत होत्या! गाव, गट, चारी बाजूंचे धुरे. पूर्वेला अमका, हूं. पश्चिमेला वस्तीची वाट, हूं. एका ठिकाणी तर मला थांबवून म्हणाल्या, "धुऱ्यावरची बोर लिवली नाही तुमी, तिची बोरं लय गोड हायेत." मी म्हटलं, बाई, ती पुढं येते, तरूमध्ये. तेव्हा त्यांना तो शब्द समजला नाही आणि मीही पुढं गेलो.

मग आलं पालुपद. मी दम घेतला आणि म्हटलं, "जल-तरू-तृण-काष्ठ-पाषाण-निधी-निक्षेप यांसह..."

हूं नाही.

मी वर बघितलं. बाई हाताची घडी घालून ताठ बसल्या होत्या. मी पुन्हा वाचलं. काही नाही. आनंद म्हणाला, "आई, हूं म्हन ना."

"नाही म्हनत," बाई म्हणाल्या.

"काहून?"

"हा मंतर हाय."

मी म्हटलं, "मंतर नाही हो मावशी, कागदाची भाषा आहे."

"मले नका शिकवू मुनशीजी. असेच मंतर म्हनत होते भटजी पाटलाच्या घरी, आमी दूर आंगनाखाली उभ्या राहो. धम्म घेतला तवा मंतर-तंतर सोडला आमी. माह्या बुढ्यानं घरातले देव नदीत नेऊन सोडले. आता त्याच्या वावराच्या कागदावर मी मंतराले हूं म्हनू? नाही म्हनत. तो मंतर काढा आन मंग अंगठा घ्या."

बापूराव खो-खो हसले. शेजारचे दस्तलेखकही हसायला लागले. आनंद बिचारा लाजेनं लाल. म्हणाला, "आई, सगळ्याईच्याच कागदात असते ते. यष्टी जाईन आता." पण आई हलली नाही. आणि मला, खरं सांगतो, तिचा राग येण्याऐवजी मजा वाटली. मी तिथं बसायला लागल्यापासून त्या ओळीवर हूं न देणारं हे पहिलं माणूस.

"मंतर नाही हे तुम्हाला पटवून देतो," मी म्हटलं. "एकेक शब्द सोडवून सांगतो, मग तर झालं? शेवटून धरा. निक्षेप म्हणजे जमिनीत पुरलेलं काही. निधी म्हणजे धन, सोनंनाणं."

"आमच्या वावरात? निघालं तर पाटलाले लखलाभ," बाई म्हणाल्या. "हूं."

"पाषाण, दगड."

"ते तर लय हायेत. हूं."

"काष्ठ म्हणजे लाकूड. तृण म्हणजे गवत. तरू म्हणजे झाड, तुमची ती बोर."

"अस्सं! मंग बोरच लिवाव ना सरळ. हूं."

"आणि जल म्हणजे पाणी."

बाईंचा हूं ओठाशी आला होता. तो तिथंच राहिला.

"कोनतं पानी?"

"शेतात जे असेल ते. ओढा, झरा, विहीर."

"इहीरबी?"

"विहीरही."

बाईंनी अंगठ्याला लावायला काढलेली शाईची डबी हळूच माझ्याकडे सरकवली. "मंग नाही जमत," त्या म्हणाल्या.

आता विहिरीचं ऐका. त्या वावराच्या कोपऱ्यात, वस्तीच्या बाजूला, एक विहीर होती. सातबाऱ्यावर तिची नोंद नव्हती, म्हणून माझ्या दस्तात तिचं नाव नव्हतं. ती सुभद्राबाईंच्या नवऱ्यानं, काशिरामनं, धम्म घेतल्यानंतरच्या उन्हाळ्यांत खणली होती. मजुरी करून आल्यावर संध्याकाळी खणायची, बाईंनी टोपलीनं माती वर काढायची. त्याआधी वस्तीतल्या बायांना गावविहिरीच्या पायरीखाली घागर ठेवून उभं राहावं लागायचं, कोणाला दया आली की तो वरून पाणी ओतायचा. काशिरामच्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी वस्तीनं गूळ वाटला. तेव्हापासून वस्ती त्याच विहिरीवर होती. हे सगळं बाईंनी त्या टिनाखाली बसून सांगितलं. बापूराव गृहीत धरून होते की वावर घेतलं म्हणजे विहीर आलीच. बाई गृहीत धरून होत्या की विहीर काय, ती तर सगळ्यांचीच. दोघांचं बोलणं अनेकदा झालं होतं आणि दोघांनीही त्या एका गोष्टीचा उच्चार केला नव्हता. अंगठा लागला असता तर ती गोष्ट जलमध्ये गेली असती, कोणाच्या ध्यानातही न येता.

आता मात्र कोणी हसत नव्हतं. बापूराव म्हणाले, "सुभद्राबाई, बिना पान्याचं वावर घेऊन मी संत्रा काहाच्या भरवशावर लावू? मी का आभायाकडं पाहत बसू? इहीर नसन तर हा सौदा नाही. सरळ सांगतो."

आनंदचा चेहरा बघवत नव्हता. सौदा मोडला तर आई त्या गावात एकटी राहणार, आणि त्याची नोकरी कारंज्यात. सौदा झाला तर वस्ती पुन्हा घागर घेऊन कोणाच्या तरी दयेवर उभी राहणार. तो आईला म्हणाला, "माये, वस्तीतले लोक पाहून घेतीन ना काहीतरी. तुह्या गुडघ्याईचं कोन पाहन?" त्याच्या आवाजात राग नव्हता. काकुळती होती. मला त्या क्षणी कोणाची बाजू घ्यावी ते कळेना.

मी काकाजींकडे बघितलं. ते आपल्या गादीवर बसून पान जमवत होते. म्हणाले, "माह्याकडं काय पाहतं? बाईनं नाही म्हटलं ते कशाले नाही म्हटलं, ते इचार."

मी विचारलं, "मावशी, विहीर तुम्हाला स्वतःसाठी पाहिजे?"

"मी कारंज्याले चालली, मी कायले ठेवू? इहीर घेऊ द्या त्याईले. पन पेयाचं पानी बंद नाही व्हाले पाह्यजे."

अरे देवा, एवढंच होतं! मी पेन उचलला. शेवटच्या पानावर जागा होती, सह्या व्हायच्या होत्या, लिहिता येत होतं. मी बोलत बोलत लिहिलं, "सदर शेतातील विहिरीवरून बौद्ध वस्तीतील लोकांस पिण्याचे पाणी नेण्याचा हक्क कायम राहील व वाट मोकळी राहील." आणि वाचून दाखवलं. मनातून मी स्वतःवर खूश होतो, की काय झकास तोडगा काढला.

हूं नाही.

"आता काय मावशी?"

"वस्तीतलेच कायले?"

"म्हणजे?"

बाई माझ्याकडे सरकून बसल्या. मग म्हणाल्या, "मुनशीजी, आमाले त्या गावइहिरीवर इचारत, तू कोन? नाव सांगा लागे, घर सांगा लागे, मंग लोक मांगं सरका म्हनत. माह्या इहिरीवर कोनी कोनाले तू कोन म्हून नाही इचारलं पाह्यजे. बुढा म्हने, तहानेले जात नसते. तुमी वस्ती लिवसान तर उद्या तिथीबी कोनी इचारन, तू वस्तीतला का? खोडा ते. लिवा, ज्याले तहान लागन त्याले."

मी चाळीस-पन्नास ओळींचे किती दस्त लिहिले असतील. कायद्याची किती पुस्तकं चाळली. "ज्याला तहान लागेल त्याला" असं कलम मी कुठं पाहिलं नव्हतं.

बापूराव मात्र उसळले. "ज्याले तहान लागन त्याले! मंग तर अख्खा मंगरूळ येईन माह्या बगीच्यात!"

"दुष्काळात आला होता ना अर्धा गाव," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या घरचे हंडे कुठी भरत होते पाटील? मी इचारलं होतं का वैनीले, तुमी कोन म्हून?"

बापूरावांनी पागोट्याचा सोगा उगाच नीट केला. दुष्काळात गावविहीर आटली, तेव्हा पाटलाच्या घरची घागरही काशिरामच्याच विहिरीत पडली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. पण शेती करणारा माणूस तो, त्याचीही काळजी खरी होती. हळू आवाजात म्हणाले, "ते समदं मान्य हाय सुभद्राबाई. पन माहे झाडं पान्याविना वायतीन त्याचं काय? मोटार बसवली आन लोकाईनं हक्क सांगतला तर मी काय करू?"

"बसवा ना मोटार," बाई म्हणाल्या. "कोन नाही म्हनते? कागदात काय लिवाले लावलं मी? ज्याले तहान लागन त्याले. झाडालेबी तहान लागतेच की!"

शेडमध्ये जो हशा उठला! काकाजी तर पानाचा रस सांडेपर्यंत हसले. बापूराव हसू आवरायला बघत होते पण मिश्या ऐकेनात. मी ओळीतलं "बौद्ध वस्तीतील लोकांस" एवढं खोडलं, बाजूला दोघांच्या सह्या-अंगठ्याची जागा केली आणि लिहिलं, "ज्यास तहान लागेल त्यास." मग वाचलं. सुभद्राबाईंनी हूं दिला. मी बापूरावांकडे बघितलं. घेणाऱ्याचाही हूं लागतो, हा काकाजींचा नियम.

बापूरावांनी मिश्यांवरून हात फिरवला. मग लांब सुस्कारा सोडल्यासारखा त्यांचा हूं आला. पण पूर्ण होता, वाक्य संपल्यावर आला होता, आणि कोणाकडेही न बघता आला होता. मी कान देऊन ऐकला. खोटा नव्हता.

आत साहेबांनी ते कलम वाचून भुवई वर केली. "हे काय आहे?" मी म्हटलं, "दोन्ही पक्षांना मान्य आहे साहेब." त्यांनी बाईंना विचारलं, "समजलं ना काय लिहिलं?" बाई म्हणाल्या, "मीच तर लिवाले लावलं साहेब." त्यांनी अंगठा लावला, बोटाची शाई पदराला पुसली आणि आनंदला म्हणाल्या, "चाल रे, यष्टी जाईन तुही."

त्यानंतर मी खरेदीखतात ते पालुपद लिहिलं की खाली दुसरी ओळ लिहू लागलो, "म्हणजे पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड व जमिनीतील धन यांसह." शेडमधले दोस्त त्याला "मुनशीजीचा वऱ्हाडी मंतर" म्हणायचे. म्हणू द्या. माणसं आता त्या ओळीवर थांबून विचारायची, मग आंब्याचं काय, मग ओढ्याचं काय, आणि माझ्या दस्ताला अजूनच वेळ लागायचा. कधी कधी मनात येतं, त्याआधी किती जणांनी ती ओळ मंतर समजून मुकाट हूं म्हटलं असेल. त्यांना आता कुठं शोधू?

काकाजी गेले. टिनाची शेड गेली. आता दस्त यंत्रातून छापून निघतात, पानंच्या पानं, आणि माणसं कोपऱ्यात बोट दाखवतील तिथं सह्या करून मोकळी होतात. ऐकायला वेळ नाही म्हणे. असेल बुवा. माझा नातू कसल्याशा कर्जाचा कागद घेऊन आला होता, मी वाचायला घेतला तर म्हणाला, "आबा, सगळे तसेच करतात." मी त्याला बसवून अख्खा वाचला. त्याचा चार ठिकाणी हूं आला नाही. त्यातल्या दोन ठिकाणी त्यानं बँकेत जाऊन विचारलं, हेही काही कमी नाही.

मध्यंतरी सुभद्राबाईंच्या गावच्या बाजूला एका लग्नाला गेलो होतो. परतीची गाडी चुकली, आणि म्हटलं, चला, पायी निघू, पुढच्या फाट्यावर मिळेल काहीतरी. ऊन मी म्हणत होतं. चालता चालता डाव्या हाताला संत्र्याचा बगीचा लागला, झाडं गच्च, हिरवीगार. माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग कोपऱ्यात विहीर दिसली. आता तिला पक्कं तोंड बांधलेलं आहे, बाजूला मोटारीची खोली आहे. सुभद्राबाई कारंज्यालाच वारल्या, हे मला आनंदनं कळवलं होतं. बापूरावही नाहीत. विहिरीवर एक तरणी बाई बादलीनं पाणी काढत होती. वस्तीतली होती की गावातली, मला काय कळणार?

मी जवळ गेलो. मनात आलं, सांगावं हिला, की बाई, या विहिरीचा कागद मी लिहिला आहे. तोंडापर्यंत आलं होतं. तिनं घाम पुसत माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तहान लागली बाई."

"मंग पाहत कायले उभे राह्यले बाबाजी? या ना!" ती म्हणाली.

जुन्या सवयीनं मी वाकून ओंजळ पुढं केली. तिनं बादली टेकवली आणि शेजारचा पितळी गडवा भरून सरळ माझ्या हातात दिला. "ओंजय कायले? हा घ्या." पाणी गार होतं, थोडं गोडसर. मी गटागटा पीत राहिलो. तिनं विचारलं नाही, कुठले, कोण, कोणाकडे आले. गडवा रिकामा व्हायला आला तसं तिनं बादली उचलली.

"अजून देऊ?"

तोंडात पाणी होतं. मी नुसतं म्हटलं, "हूं."